उरम पडलं नव्हतं

तान्ह्या मुलाची मान आखडली, हात उचलेनासा झाला, कुशीवर वळवताच ते कळवळून रडायला लागलं, की आमच्या तंजावरात म्हणतात, उरम पडलं. शब्द तमिळ. याला मराठीत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, आमच्या आज्यांनाही ठाऊक नव्हतं. मग एखाद्या जाणत्या म्हातारीला बोलावतात. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीत मुलाला आडवं घालतात, दोन बाया दोन टोकं धरतात, आणि एकदा हे टोक, एकदा ते टोक उचलत मुलाला साडीत इकडून तिकडे लोळवतात. मूल रडतं, रडून थकतं, झोपतं. झोपलं म्हणजे उरम निघालं. म्हातारीला विडा आणि केळी देऊन पाठवतात. मला लोळवलं होतं, माझ्या बहिणीला लोळवलं होतं, तिच्या मुलीला तर मी स्वतः टोक धरून लोळवलं होतं. त्या पद्धतीशी माझं भांडण नाही. तिच्याआड जे लपले त्यांच्याशी आहे.

इथल्या आमच्या मराठी लोकांत गेली काही वर्षं एक गोष्ट फिरते आहे. एका भांडेवालीनं उरमाचं निमित्त करून आपल्या भाचीचा चांगला चाललेला संसार मोडला. ती भांडेवाली मी. ज्यांनी ही गोष्ट फिरवली ते शिकलेले आहेत, पेन्शन खातात, लग्नामुंजीत पहिल्या रांगेत बसतात. माझं म्हणणं मी तोंडानं पुष्कळदा सांगून पाहिलं. माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की लोक आवाजाबद्दल बोलतात, म्हणण्याबद्दल नाही. म्हणून लिहिते आहे. घरी आम्ही बोलतो ती मराठी लिहिली तर महाराष्ट्रातल्या वाचकाला निम्मीच कळेल, तेव्हा ही पुस्तकातली. देवनागरी मी चाळिशी उलटल्यावर हट्टानं शिकले. आमच्यातल्या पुष्कळांना ती वाचता येत नाही, माझ्या अण्णांना येते. त्यांनी वाचावं.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, शाळेत मास्तर होते. मी लवकर विधवा झाले तेव्हा त्यांनी मला आपल्या घरी राहायला बोलावलं होतं. राहायला म्हणजे स्वयंपाकाला. मी गेले नाही. घरातली चार पितळेची भांडी घेऊन मी एका कासाराच्या ओट्यावर बसले, आणि आज दक्षिण वीथीजवळ माझं दुकान आहे. मोडीत निघालेली पितळ-काशाची भांडी घेते, कल्हई करून विकते, लग्नांना मोठी पातेली भाड्यानं देते. अण्णांनी चारचौघांत मला कधी भांडेवाली म्हटलं नाही. बहीण व्यापारात असते, एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे.

धाकटी बहीण गेली तेव्हा तिची मुलगी माझ्याकडे आली. ती दुकानातच वाढली, शिकली. तिचं स्थळ अण्णांनी आणलं. मुलगा आपल्यातला, पापनाशमचा, सरकारी नोकरीत. ‘आपल्यातला’ या शब्दाचं आमच्याकडे काय वजन आहे ते बाहेरच्याला समजायचं नाही. घरं मोजकी उरली आहेत. प्रत्येक घर दुसऱ्याचं काहीतरी लागतं. एका दारात भांडण झालं की चार दारं बंद होतात. त्यामुळे आपल्यातला मुलगा मिळाला की पुढचं कुणी फार विचारत नाही. मीही विचारलं नाही.

त्या शुक्रवारी पापनाशमला एक जुनं घर रिकामं होत होतं, त्यांची भांडी बघायला गेले होते. काम आटपून भाचीकडे डोकावले. भाचीची मुलगी, माझी नात, दहा महिन्यांची होती. मी गेले की कमरेचा किल्ल्यांचा जुडगा तिच्यापुढे धरायची, आणि ती उजव्या हातानं त्यावर झडप घालायची. त्या दिवशी किल्ल्या बघून तिचे डोळे चमकले, पण पुढे आला तो डावा हात, तोही अर्ध्यावर थांबला. उजवा अंगाशी चिकटून तसाच. मी किल्ल्या उजवीकडे नेल्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठ काढले.

विहीणबाई, म्हणजे भाचीची सासू, म्हणाल्या, उरम पडलंय, काल लोळवून घेतलं, उद्यापरवा उचलेल हात. नेमकी त्याच वेळी भाची आतून बाहेर येत म्हणाली, तूळीतून पडली. तूळी म्हणजे कडीला साडी बांधून केलेला पाळणा. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

भांडं विकायला नवराबायको येतात. नवरा सांगतो, आईचं आहे, बायको सांगते, लग्नात आलं. अशा वेळी मी बोलत नाही, भांडं उपडं करून बुडावर कोरलेलं नाव बघते. मी भाचीकडे पाहिलं. मूल ती नेहमी उजव्या कडेवर घ्यायची, आज डाव्या कडेवर होतं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता, वैशाखातल्या उकाड्यात.

माझा राग आमच्या सबंध गल्लीला माहीत आहे. तिथे मी तोंड उघडलं असतं तर मला बाहेर काढून दार लावलं असतं, आणि मूल आत राहिलं असतं. मला ते मूल त्या घराबाहेर हवं होतं. म्हणून मी पाट ओढून बसले आणि सौदा सुरू केला.

“तुमच्या बाईनं लोळवायला कुठल्या बाजूनं सुरुवात केली?” मी विहीणबाईंना विचारलं.

“उजव्या.”

“अय्यो, दुखतोय उजवा हात आणि सुरुवातही उजव्यानंच? मग कसं निघणार?”

यात तथ्य काही नाही, मी ते जागच्या जागी रचलं. पण विहीणबाईंना लागलं. त्यांची बाई त्यांच्या नवऱ्याच्याही लहानपणापासून उरम काढत होती, अख्खं पापनाशम तिच्याकडे जात होतं. मी म्हटलं, अख्खं पापनाशम जात असेल, हात तर उचलला नाही ना. आमच्या गल्लीतल्या म्हातारीनं एकदा लोळवलं की पुन्हा बघावं लागत नाही. दोघींना आठ दिवस पाठवा. आठ दिवस म्हटल्यावर त्यांनी कानावर हात ठेवले. मग मूल एकटंच घेऊन जा म्हणाल्या. मी म्हटलं, अंगावर पिणारं मूल, दूध काय मी पाजू? चार दिवसांवर आले, तीनवर आले, रागावल्यासारखं करून उठले, पुन्हा बसले. तुमचा विश्वास नसेल तर तुम्हीही चला, असंही म्हटलं. शुक्रवारची त्यांच्या घरची पूजा त्या सोडायच्या नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. शेवटी उद्या संध्याकाळपर्यंत, यावर सौदा ठरला. मला तेवढंच हवं होतं. मुलाचा बाप कचेरीतून यायच्या आत आम्ही बसमध्ये होतो.

वाटेतलं अय्यमपेट्टै गाव मागे पडलं. मग भाची खिडकीबाहेर बघत बोलायला लागली.

“मावशी, त्यानं हिला नाही मारलं. मला मारत होता. ही कडेवर होती.”

“खाली का नाही ठेवलीस?”

“मला वाटायचं, मूल कडेवर असलं तर हात आवरेल.”

“आवरला?”

“पहिल्यांदा आवरला होता,” ती म्हणाली. “म्हणून मग तो घरी यायच्या वेळेला मी हिला कडेवरच घ्यायला लागले.”

दोन दिवसांपूर्वी त्यानं तिला दाराच्या चौकटीवर ढकललं होतं. चौकट आणि ती यांच्यामध्ये मूल होतं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. कंडक्टरनं वळून पाहिलं, आणि पुढच्या बाकावरचा एक माणूस उठून मागे जाऊन बसला.

आमच्या गल्लीतली म्हातारी आहे, चांगली आहे, तिच्याकडे मी गेले नाही. बसस्टँडवरून ऑटो केली ती थेट सरकारी इस्पितळात. वाटेत अण्णांना फोन मीच केला. इस्पितळात शिकलेला माणूस बरोबर असावा, कागद वाचायला, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायला. आणि खरं सांगायचं तर भाचीचा मामा उभा राहिला म्हणजे तिला बळ येईल, असं मला वाटलं.

डॉक्टरीण वयानं लहान होती, तमिळ. तिनं फोटो काढून घेतला आणि उजेडाला धरून आम्हाला दाखवला. गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हाड मोडलं होतं. मग तिनं बोट खाली सरकवलं. एका बरगडीवर बारीक गाठ होती. हे जुनं, ती म्हणाली, महिना-दीड महिन्यापूर्वी मोडून आपोआप जुळलंय. तेव्हा मूल रडत नव्हतं का? भाची म्हणाली, खूप रडायची, कुशीवर घेतली की किंचाळायची. मग काय केलं? भाचीनं खाली बघत सांगितलं, उरम म्हणून लोळवलं.

म्हणजे बरगडी मोडलेली असताना दोन बायांनी त्या मुलीला साडीत घालून लोळवलं. हाड मोडलेलं असताना कालही लोळवलं. आणि प्रत्येक वेळी ती दमून झोपली तेव्हा त्या घरानं सुटकेचा निःश्वास टाकला, की चला, निघालं.

तेवढ्यात अण्णा आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. त्यांनी मला बाजूला केलं आणि डॉक्टरिणीशी इंग्रजीत बोलायला लागले. मला इंग्रजी फार येत नाही, पण घराणं, नोकरी, पाळणा, पडली, एवढे शब्द मला कळतात. मी त्यांचा दंड धरला. ते मराठीत बोलले, हळू आवाजात, कारण तिथे ती भाषा आमच्याशिवाय कुणालाच कळत नव्हती.

“आपल्यात मुलं किती उरलीत, माहीत आहे ना तुला? ही गोष्ट बाहेर गेली तर उद्या माझ्या नातवाला कोण मुलगी देईल?”

मी तमिळमध्ये उत्तर दिलं. मुद्दाम, आणि अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल असं.

“दहा महिन्यांच्या पोरीचं हाड मोडलंय अण्णा, आणि तुम्ही दुधाचे दात न पडलेल्या नातवाचं लग्न ठरवताय.” मग डॉक्टरिणीकडे वळून म्हटलं, “पाळण्यातून पडलेली नाही. बाप आईला मारत होता, ही आईच्या कडेवर होती.”

डॉक्टरिणीनं आम्हा दोघांनाही बाहेर काढलं. मलासुद्धा. पडदा ओढून ती भाचीशी एकटीशी बोलली. पडद्याबाहेर मी आणि अण्णा, भिंतीला पाठ लावून, एकमेकांकडे न बघता. आत भाची काय सांगेल ते मला ठाऊक नव्हतं. ती माझं ऐकेल की मामाचं, की पापनाशमला परत जायचं आहे म्हणून कुणाचंच न ऐकता पाळणा म्हणेल. भाचीनं खरं तेच सांगितलं. पडदा उघडला तेव्हा डॉक्टरिणीनं पोलिसांना कळवत असल्याचं सांगितलं, तसा नियमच आहे म्हणाली. अण्णा पोलीस यायच्या आत गेले. मुलीच्या हाताला गळ्यातून पट्टी बांधत होते, तेव्हा मामा तिथे नव्हता. हे मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही.

त्या रविवारी ते दुकानात आले. अण्णा, विहीणबाई, आणि जावई. जावयाला मी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. दुकानात बसायला जागा अशी नाही, तेव्हा विहीणबाई उपड्या हंड्यावर बसल्या आणि अण्णा उभे राहिले. भाची मूल मांडीवर घेऊन आतल्या दाराशी बसली.

बोलणं अण्णांनी केलं. जावई माफी मागेल, देवासमोर शपथ घेईल, भाचीनं फक्त पोलिसांत सांगायचं की घाबरल्यामुळे गैरसमज झाला, मूल पडलं होतं. मग सगळं पूर्वीसारखं होईल. पूर्वीसारखं म्हणजे कसं, ते मी विचारलं. विहीणबाई म्हणाल्या, माझ्या मुलानं पोरीला कधी बोट लावलेलं नाही, जीव आहे त्याचा तिच्यावर. मी म्हटलं, बोट लावलं नसेल, चौकट लावली. अण्णा म्हणाले, तू मध्ये बोलू नकोस, हा तिच्या संसाराचा प्रश्न आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाची बोलली. ती सगळ्यांशी हळूच बोलते, त्या दिवशीही हळूच बोलली.

“सांगायचं तर नीट सांगायला हवं. कुठून पडली म्हणून सांगू, मामा?”

“झोपाळ्यावरून,” अण्णा म्हणाले.

“तूळीतून,” विहीणबाई म्हणाल्या. “तूळी म्हणायचं ठरलं होतं ना आपलं?”

जावयानं उंबऱ्याबाहेरून सांगितलं, “पायरीवरून म्हण.”

भाचीनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “बरं. आणि बरगडी मोडली तेव्हा कुठून पडली?”

जावई रस्त्याकडे बघायला लागला. मुलीनं झोपेत कूस बदलली, कण्हली, आणि भाचीनं तिला सावरून पुन्हा उताणं केलं.

“मी आले तर हिला घेऊनच यावं लागेल,” ती म्हणाली. “हिला मी पुन्हा मध्ये धरणार नाही. म्हणून मी येत नाही.”

विहीणबाईंनी मग मला जे म्हटलं ते सगळं मी ऐकून घेतलं. माझं पोट दुसऱ्याच्या घरातली भांडी बाहेर काढण्यावर चालतं, त्याच सवयीनं मी घरातली सूनही बाहेर काढली, असं त्या म्हणाल्या. बोलणं धारदार होतं, मनातल्या मनात मी दाद दिली. अण्णांनी तर जाता जाता हात जोडले आणि म्हणाले, आजपासून तुझा माझा संबंध नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. खटला चालू आहे, तारखा पडतात, आम्ही जातो. लहान मुलांची हाडं लवकर जुळतात असं डॉक्टरीण म्हणाली होती, तशी जुळली. पण दुसरी एक गोष्ट लवकर गेली नाही. माझं काम असं की दिवसभर वरच्या फळीवरचं भांडं काढायचं, ठेवायचं. मी हात वर नेला की ती पोर डोकं खांद्यांत ओढून घ्यायची, मांजर पाणी उडाल्यावर घेतं तसं. बोलायला लागली नव्हती, पण हात वर जाणं तिला कळत होतं. मी वरच्या सगळ्या फळ्या उतरवल्या. भांडी जमिनीवर मांडली, गिऱ्हाईक ठेचकाळतं, ठेचकाळू दे. ती अडीच वर्षांची होईपर्यंत मी दुकानात हात डोक्याच्या वर नेला नाही.

आणि आमच्या लोकांनी काय केलं? नवरात्रात आमच्याकडे बाहुल्यांची पायऱ्या-पायऱ्यांची मांडणी करतात, कोलू. घरोघरच्या बाया एकमेकींकडे जातात, गाणी म्हणतात, सुंडल, म्हणजे वाफवलेले चणे, घेऊन घरी येतात. पहिल्या वर्षी माझ्या कोलूला आमच्यातली एकही बाई आली नाही. भाची दोन दिवस सुंडल करत राहिली आणि दाराकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी मी पातेलं उचललं आणि बाजारातल्या बायांत वाटून आले, फुलवाली, इस्त्रीवाली, समोरच्या औषधाच्या दुकानातली. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या आल्या. गाणी त्यांना वेगळी येत होती, ती म्हटली. एकदोघींनी पोरीच्या हाताचं विचारलं तेव्हा भाचीनं जे होतं ते सांगितलं. इस्त्रीवाली ऐकत राहिली, आणि आपल्या मुलाच्या कपाळावरची खूण तिनं भाचीला दाखवली. त्यानंतर ती अधूनमधून संध्याकाळी मूल घेऊन आमच्याकडे येऊन बसते. येते तेव्हा आम्ही विचारत नाही, चहा करतो आणि दार लावून घेतो.

अण्णा या वर्षी आले. नातवाची मुंज ठरली होती. हातात पत्रिका, तिला कुंकू लावलेलं. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. म्हणाले, खटला मागे घे म्हणत नाही, तो चालू दे. तिघींनी या. पण पंक्तीत चार लोक विचारतील, तेव्हा पडली होती एवढं म्हण. तेवढ्यानं माझं भागतं.

“आणि कुणी विचारलंच नाही तर?” मी म्हटलं.

“विचारतील.”

“विचारलं तर मी खरं सांगेन.”

“मग येऊ नकोस.” पण पत्रिका त्यांनी हातातच धरली होती. म्हातारे झाले आहेत. एवढ्या वर्षांनी दारात आले, माझ्यानं राहवलं नसतं कदाचित, मी थोडं खाली आले असते. एखाद्या दुसऱ्या गोष्टीत आलेही असते.

तेवढ्यात पोर आतून पळत आली. आता चार वर्षांची होईल. अनोळखी माणूस बघून थबकली. अण्णा वाकले, कौतुकानं हसले, आणि मुलांना झोका देऊन उचलतात तशी तिची दोन्ही मनगटं धरली.

“मनगटाला धरून नाही,” मी म्हटलं. “काखेत हात घालून उचला.”

“मला मूल उचलायला शिकवतेस?”

“हो.”

त्यांनी मनगटं सोडली. सरळ उभे राहायला त्यांना थोडा वेळ लागला. भाची दाराशी येऊन उभी होती, तिनं मुलीला जवळ ओढलं नाही की आत पाठवलं नाही, नुसती बघत राहिली. अण्णांनी पत्रिका खिशात घातली आणि म्हणाले, हट्ट कधी सुटायचा नाही तुझा. मी म्हटलं, मुंजीला मोठी पातेली लागतील, माझ्याकडची हवी असतील तर माणूस पाठवा, भाडं इतरांना तेच तुम्हाला.

माणूस आला नाही, पातेली दुसरीकडून गेली. मुंज थाटात झाली असं ऐकलं. त्या दिवशी आम्ही दुकान नेहमीच्या वेळी उघडलं.